ट्रॅक्टरवरील तांबडा दिवा विझत नाही तेव्हा

ट्रॅक्टरची चावी एक टप्पा फिरविली म्हणजे डॅशबोर्डवर बॅटरीचे चित्र असलेला एक तांबडा दिवा लागतो आणि इंजिन सुरू होऊन थोड्या वेगाने फिरू लागताच तो विझतो. हा नित्याचा क्रम होय. एखाद्या दिवशी मात्र इंजिन व्यवस्थित चालू असूनही दिवा तसाच तेवत राहतो. अशा वेळी आपल्याकडील बहुसंख्य ट्रॅक्टरधारक दोहोंपैकी एक गोष्ट करताना आढळतात. काही जण ‘इंजिन तर चालते आहे’ असे म्हणून काम पुढे रेटतात. काही जण, दिव्यावर बॅटरीचे चित्र आहे त्या अर्थी बॅटरीच गेली असली पाहिजे असे समजून तालुक्याच्या गावाहून नवी बॅटरी आणतात. पहिल्या मार्गाने प्रसंगी इंजिनाचेच नुकसान होते. दुसऱ्या मार्गाने काही हजार रुपये जातात आणि चार-आठ दिवसांत ती नवी बॅटरीही मान टाकते.

चित्र बॅटरीचे असले तरी त्या दिव्याची तक्रार बहुधा बॅटरीविषयी नसते. बॅटरीत वीज भरली जात नाही, एवढेच तो सांगतो. ती का भरली जात नाही याचा शोध पुष्कळदा शेतकऱ्यास घरच्या घरी, दोन पाने आणि एक लहानसा मीटर यांच्या साह्याने घेता येतो. तो कसा घ्यावा हे येथे क्रमाने सांगावयाचे आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती नीट समजून घेतल्यास हंगामात एखाद्या शेतकऱ्याचा नाहक खर्च त्यांना वाचविता येईल.

दिवा का लागतो व का विझतो

बॅटरीला विजेची टाकी समजावे. टाकीला स्वतःचे झरे नसतात. तिच्यातून जेवढे काढावे तेवढे पुन्हा भरावे लागते. हे भरण्याचे काम अल्टरनेटर करतो. इंजिनाच्या पुढील पुलीवरून एक पट्टा निघतो, तो अल्टरनेटरला फिरवितो, अल्टरनेटरमध्ये वीज निर्माण होते, ती तारेने बॅटरीत जाते आणि इंजिनाच्या लोखंडी अंगातून परत येऊन फेरा पुरा होतो. पुली, पट्टा, अल्टरनेटर, तार, बॅटरी आणि अर्थ अशी ही साखळी असून तिचा कोणताही एक दुवा सुटला की भरण थांबते.

तांबड्या दिव्याचे एक टोक चावीमार्गे बॅटरीला व दुसरे अल्टरनेटरला जोडलेले असते. इंजिन बंद असता चावी फिरविली की बॅटरीकडून दिव्यातून अल्टरनेटरकडे वीज वाहते आणि दिवा लागतो. हीच अल्पशी वीज अल्टरनेटरमधील फिरत्या लोहचुंबकास पहिली चेतना देते. पुढे अल्टरनेटर स्वतः वीज निर्माण करू लागला म्हणजे दिव्याच्या दोन्ही टोकांवर सारखाच दाब येतो. शेजारच्या दोन वाफ्यांतील पाणी एका पातळीस आले की मधले बारे उघडे असले तरी पाणी हलत नाही. तद्वतच येथे दिव्यातील वीज थांबते व तो विझतो. यावरून हेही ध्यानात येईल की, चावी फिरविल्यावर दिवा मुळीच न लागणे हीसुद्धा बिघाडाचीच खूण आहे. दिव्याचा बल्ब गेलेला असेल तर अल्टरनेटरला पहिली चेतना मिळत नाही आणि तो कित्येकदा इंजिनाची गती बरीच वाढवीपर्यंत कामास लागत नाही. हल्ली हौसेने या जागी एलईडी बल्ब बसविण्याची चाल पडली आहे. त्यातून फारच थोडी वीज जात असल्यामुळे हाच दोष उद्भवतो. येथे कंपनीने सांगितलेलाच साधा बल्ब असावा.

प्रथम इंजिन थांबवावे

पंपावर चालणारे जुन्या धर्तीचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की त्याला चालण्यासाठी विजेची गरज बहुधा नसते. त्यामुळे दिवा लागूनही नांगरट चालूच राहते व चालकास त्यात काही वावगे वाटत नाही. परंतु पुष्कळ ट्रॅक्टरांवर अल्टरनेटर फिरविणारा पट्टाच रेडिएटरचा पंखा व वॉटर पंपही फिरवितो. तो पट्टा तुटला वा घसरला असेल तर वीज भरणे बंद होते आणि त्याच क्षणापासून इंजिनातील पाणी खेळणेही बंद होते. भर उन्हात, रोटाव्हेटरच्या ओझ्याखाली असे इंजिन काही मिनिटांतच तापते. हेड वाकणे, गॅस्केट जळणे, पिस्टन धरणे हे सर्व मग ओघानेच आले. सिलिंडर हेडच्या दुरुस्तीचा खर्च आणि एका पट्ट्याची किंमत यांची तुलनाच नको.

यास्तव काम चालू असता हा दिवा लागला की तापमानाच्या काट्याकडे नजर टाकावी, ट्रॅक्टर बाजूस घेऊन इंजिन बंद करावे आणि चावी काढून खिशात ठेवावी. पंखा पूर्ण थांबल्याखेरीज बॉनेटखाली हात घालू नये. गळ्यातील गमछा, धोतराचा सोगा, साडीचा पदर यांना फिरता पट्टा क्षणात ओढून घेतो. इंजिन तापले असेल तर रेडिएटरचे झाकणही लगेच उघडू नये. आतील उकळते पाणी तोंडावर उडते.

पट्ट्याची पाहणी

पट्टा तुटलेला असेल तर निदान तेथेच संपले. तो जागेवर असेल तर दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबून पाहावा. साधारणतः १० ते १५ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या अर्ध्या पेराएवढा तो दबावा. प्रत्येक ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत याचे नेमके माप दिलेले असते, तेच अंतिम मानावे. याहून अधिक दबत असेल तर पट्टा सैल आहे व तो पुलीवर घसरत असला पाहिजे. गती वाढविताना किंवा मोठे दिवे लावताच किंचाळल्यासारखा आवाज येणे ही त्याचीच खूण. उलट, ‘पुन्हा सैल व्हायला नको’ म्हणून पट्टा तारेसारखा ताणणेही चूक आहे; त्याने वॉटर पंपाचे व अल्टरनेटरचे बेअरिंग लवकर झिजते.

पट्टा घट्ट असूनही घसरू शकतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा पट्टा आपल्या दोन बाजूंनी पुलीच्या खाचेत पकड घेतो, तळाने नव्हे. बाजू झिजून तो खाचेच्या तळाला टेकू लागला म्हणजे कितीही ताणला तरी पकड येत नाही. अशा पट्ट्याच्या बाजू काचेसारख्या चकाकतात. ऑईल वा ग्रीस लागलेल्या पट्ट्याचीही तीच गत होते. त्यावर राळ वा अन्य काही चोपडून वेळ मारून नेण्याचा उपाय काही चालक सांगतात. त्याने दोन दिवस आवाज बंद होतो, पट्टा मात्र अधिकच लवकर खराब होतो. झिजलेला पट्टा बदलावा हेच उत्तम. नवा पट्टा पहिल्या काही तासांत थोडा सैल पडतो म्हणून तो पुन्हा एकदा तपासून ताणून घ्यावा. पट्ट्यावर छापलेला क्रमांक लिहून ठेवून त्याच क्रमांकाचा एक जादा पट्टा हत्यारांच्या पेटीत ठेवणे ही फार स्वस्तातली तरतूद आहे.

बॅटरीची टोके व अर्थची पट्टी

पट्टा ठीक असेल तर पुढची नजर जोडांवर टाकावी. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-निळसर भुकटी साचलेली असते ती सर्वांच्या परिचयाची आहे. ही भुकटी विजेस अडविते. टोके साफ करताना ऋण म्हणजे मायनसची, इंजिनाच्या अंगाला जोडलेली तार आधी सोडावी व बसविताना ती शेवटी बसवावी. असे केल्याने पाना चुकून ट्रॅक्टरच्या लोखंडास टेकला तरी ठिणगी उडत नाही. फार जुन्या काही ट्रॅक्टरांवर प्लसचे टोक अर्थला जोडलेले आढळते. तेथे तेच आधी सोडावे. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून त्याने टोके धुवावीत. मात्र सोड्याचा थेंबही बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नये. नंतर टोके कोरडी करून, पॉलिश पेपरने चकाकवून, घट्ट आवळावीत व वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा.

सगळ्यांत उपेक्षित दुवा म्हणजे अर्थची पट्टी. बॅटरीपासून निघालेली ही जाड, विणलेली पट्टी चासीस किंवा इंजिनास एका बोल्टने बांधलेली असते. तो बोल्ट चिखल, शेण आणि तेलाच्या थराखाली गडप झालेला असतो व त्याकडे कोणी पाहत नाही. एका ऊस बागायतदाराने एकाच हंगामात दोन बॅटऱ्या घेतल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात आहे. बॅटरी दोन्ही वेळा चांगली होती, अल्टरनेटरही चांगला होता. अर्थचा बोल्ट मात्र गंजून त्याखाली पोपडा धरला होता. तो सोडून, खरडून, पुन्हा आवळण्यास अर्धा तासही लागला नाही.

मीटरने घ्यावयाचे माप

इतके पाहूनही दिवा विझत नसेल तर विजेचा दाब मोजावा. काही शे रुपयांत मिळणारा आकडी मल्टिमीटर याला पुरेसा आहे. मोटारपंप असलेल्या प्रत्येक वस्तीवर तो असावा असे माझे मत आहे. मीटरचा काटा एकदिश विजेच्या २० व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या प्लसला व काळे मायनसला लावावे. रात्रभर विसावलेली, पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ म्हणजे ती साधारण अर्धी रिकामी आणि ११.९ किंवा खाली म्हणजे जवळजवळ पूर्ण रिकामी झाली असे समजावे.

आता इंजिन सुरू करून मध्यम गतीवर ठेवावे व पुन्हा मोजावे. भरण नीट होत असेल तर आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान येतो आणि मोठे दिवे लावल्यावरही तो १३ च्या बऱ्यापैकी वर राहतो. इंजिन चालू असूनही आकडा १२.४ किंवा त्याखालीच राहून हळूहळू उतरत असेल तर वीज भरली जात नाही हे सिद्ध झाले. आकडा १५ च्या वर जात असेल तर उलट दोष आहे. रेग्युलेटर बिघडून वीज अतोनात भरली जात आहे व बॅटरीतील पाणी उकळून चालले आहे. वारंवार पाणी घालावे लागणाऱ्या बॅटरीच्या धन्याने हे माप अवश्य घ्यावे.

बॅटरीवर कमी दाब आढळल्यास तेवढ्यावर अल्टरनेटरला दोष देऊ नये. अल्टरनेटरच्या मागील जाड तारेच्या बोल्टवर मीटरचे लाल टोक लावून तेथील दाब पाहावा. तेथे १४ च्या वर आणि बॅटरीवर मात्र १२.३ असा फरक निघाला तर वीज निर्माण होत आहे, पण वाटेत अडते आहे. मधली तार, तिचा फ्यूज किंवा एखादा जोड जळालेला निघेल. काळे टोक बॅटरीच्या मायनसवर व लाल टोक अल्टरनेटरच्या अंगावर ठेवून पाहिल्यास अर्थचा दोषही पकडता येतो, येथे ०.२ व्होल्टहून अधिक आकडा येऊ नये. हे करताना सावधपणा हवा. मागील जाड तारेचा बोल्ट इंजिन बंद असतानाही जिवंत असतो. पाना वा मीटरचे टोक त्यावरून लोखंडास टेकले तर मोठी ठिणगी पडते.

दिव्याची भाषा

दिवा कसा लागतो यावरूनही पुष्कळ समजते. इंजिन चालू असता तो चावीच्या वेळेइतकाच प्रखर असेल तर भरण मुळीच होत नाही. तो मिणमिणत असेल व मोठे दिवे लावताच किंचित वाढत असेल तर अल्टरनेटरमधील एखादा डायोड गेला असावा किंवा चावीच्या स्विचात वा जोडात अडथळा असावा. चावी काढून घेतल्यावरही दिवा मंदपणे लागून राहिला तर डायोड फुटून बॅटरीतील वीज उलट वाहत आहे. असा ट्रॅक्टर रात्रभर ठेवला तर सकाळी सेल्फ लागणार नाही. त्या रात्रीपुरती बॅटरीची मायनस तार सोडून ठेवावी.

साध्या बनावटीच्या ट्रॅक्टरांवर आणखी एक तपासणी करता येते. इंजिन बंद ठेवून, चावी फिरवून दिवा लागू द्यावा आणि अल्टरनेटरकडे जाणारी दिव्याची बारीक तार काढावी. दिवा विझला तर तार निर्दोष असून बिघाड अल्टरनेटरमध्ये किंवा रेग्युलेटरमध्ये आहे. दिवा तसाच लागून राहिला तर ती तार कोठेतरी सोलवटून लोखंडास टेकली आहे. उंदरांनी कुरतडलेली तार हे शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरचे नेहमीचे दुखणे आहे.

संगणक बसविलेल्या नव्या वाहनांवर मात्र ही तपासणी करू नये. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना धूरविषयक कडक निकष लागू झाले आणि त्यांपैकी पुष्कळांवर डिझेल सोडण्याचे काम विजेच्या नियंत्रणाखाली आले. पिकअप गाड्यांत ही पद्धत आधीपासूनच आहे. अशा इंजिनाला वीज अपुरी पडली की ते आपोआप बंद पडते. तेव्हा दिवा लागल्यावर पट्टा व टोके पाहून, पंखा-रेडिओ बंद करून, गाडी जवळच्या कारागिराकडे न्यावी हे बरे.

डायनामोच्या काळातील एक घातक सवय

अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या व्हॅलियंट मोटारीवर अल्टरनेटर बसविला आणि पुढे डायनामो हळूहळू मागे पडला. त्या काळातील एक सवय मात्र आमच्या काही कारागिरांच्या हातांत अद्याप राहिली आहे. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढावयाची आणि इंजिन चालू राहिले तर ‘वीज येते आहे’ असे म्हणावयाचे. डायनामोलाही ही परीक्षा फारशी मानवत नसे. अल्टरनेटरला तर ती मुळीच करू नये. बॅटरी दूर होताच विजेचा दाब एकदम उसळतो आणि चांगले डायोड, रेग्युलेटर, प्रसंगी संगणकही त्यात जळून जातो. शिवाय डिझेल इंजिन विजेवाचूनही चालत असल्याने या परीक्षेतून काही सिद्ध होत नाही. कोणी कारागीर तार काढू लागला तर त्यास नम्रपणे थांबवावे आणि मीटर लावण्यास सांगावे.

बॅटरीची टोके उलट लावणे हीदेखील डायोड जाण्याची हमखास वाट आहे. अवजारास वेल्डिंग करताना ते ट्रॅक्टरपासून सोडवावे. ट्रॅक्टरलाच वेल्डिंग करावयाचे असेल तर बॅटरीच्या व अल्टरनेटरच्या तारा काढून ठेवाव्यात.

अल्टरनेटर सदोष ठरला तरी तो संपूर्ण नवा घेण्याची घाई करू नये. त्यातील कार्बन झिजणे हा सर्वसाधारण दोष असून कार्बनची किंमत किरकोळ असते. मळणीच्या दिवसांत भुसा व धूळ आत बसून तो तापतो. नुसत्या हवेच्या झोताने साफ केल्यावरही कधी कधी गुण येतो. रेग्युलेटर व डायोड हे भागही बहुधा स्वतंत्र मिळतात. कोणता भाग बदलला तो दाखविण्यास सांगावे आणि जुना भाग मागून घ्यावा.

रात्रीचा प्रवास व रिकामी बॅटरी

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. तेथे या दिव्याकडे दुर्लक्ष करणे विशेष धोक्याचे आहे. ७५ ॲम्पियर-तासांची बॅटरी निम्मी भरलेली असेल तर तिच्यात सुमारे ३७ ॲम्पियर-तास उरतात. ५५ वॉटचे दोन मोठे दिवे सुमारे ९ ॲम्पियर घेतात, ट्रॉलीचे मागील व बाजूचे दिवे धरून १२ समजा. हिशेबाने तीन तास. प्रत्यक्षात दिवे त्याच्या बऱ्याच आधी पिवळे पडतात. पुढचा रस्ता चालकास अंधुक तरी दिसत असतो. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास मात्र न उजळणारी ट्रॉली दिसतच नाही. भरण बंद असलेला ट्रॅक्टर सूर्यास्तानंतर ट्रॉलीसह रस्त्यावर काढू नये. वाटेत असताच दिवा लागला तर रस्त्याच्या कडेपासून पुरेसे आत थांबावे. ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्ट्या स्वच्छ ठेवाव्यात, कारण त्यांना बॅटरी लागत नाही.

मूळ दोष काढल्यावर रिकामी झालेली बॅटरी बाहेर चार्जरवर सावकाश भरून घ्यावी. तिच्या क्षमतेच्या दशांश प्रवाह, म्हणजे ७५ ॲम्पियर-तासांच्या बॅटरीस सुमारे साडेसात ॲम्पियर, हे प्रमाण योग्य आहे. पूर्ण रिकामी बॅटरी अल्टरनेटरकडूनच भरून घेण्याने तो फार तापतो. रिकामी बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली तर तिच्या पत्र्यांवर कठीण थर धरतो आणि मग ती खरोखरच निकामी होते. बुचे असलेल्या बॅटरीत पत्र्यांच्या वर पाणी राहील इतके फक्त शुद्ध, डिस्टिल्ड पाणी घालावे. विहिरीचे वा नळाचे घालू नये. भरताना बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू स्फोटक असतो. विडी, काडी, कंदील तेथून दूर असावेत. आम्ल अंगावर उडाल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे, आणि डोळ्यात गेल्यास बराच वेळ पाणी मारीत राहून तडक दवाखाना गाठावा.

दुरुस्तीनंतर पैसे चुकते करण्यापूर्वी कारागिरासमक्ष तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. चावी फिरविताच तांबडा दिवा लागतो काय, इंजिनाची गती थोडी वाढताच तो पुरता विझतो काय, आणि मोठे दिवे लावून बॅटरीवर मीटर १३.५ च्या आसपास वा वर राहतो काय. तिसरे माप कमी आले तर पट्टा पुन्हा एकदा अंगठ्याने दाबून पाहावा.